दुसऱ्याच्या ताऱ्यावरची कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. दाराची नाही, साखळीची पण नाही. करंगळीच्या नखाएवढी, चांदीची, गोल. फ्रान्समध्ये सैनिकांच्या छातीवर मानाचा तारा लावतात ना, पाच बाहूंचा, पांढऱ्या मिन्याचा, त्याच्या डोक्यावर मी असते. माझ्यातून लाल फीत जाते. लोक तारा बघतात, फीत बघतात. मला बघतात फक्त भिंगवाले. आणि ते मला बघतात म्हणूनच तर सगळा घोळ झाला.

आधीच सांगून टाकते, ही शौर्याची गोष्ट नाही. मी एकही लढाई पाहिली नाही. मी फक्त एक खोटी साक्ष दिली, तोंडसुद्धा न उघडता. तीच सांगणार आहे. मध्ये अडवू नका, नाहीतर परत मला धीर व्हायचा नाही.

माझा जन्म पॅरिसचा. आंसेल्म क्रूझा नावाच्या माणसाचा पदकांचा कारखाना होता. तिथे चांदीची तार लोखंडी कांबीवर गुंडाळायचे, पीळ करवतीनं उभा कापायचे, की टपाटप कड्या पडायच्या. एका तारेतून आम्ही चाळीस बहिणी निघालो. सम्राटाचा जमाना होता, पदकांचा पाऊस पडत होता. क्रूझा दारात उभा राहून ओरडायचा, "अरे हात चालवा! बाप्तिस्म्याला बदाम वाटतात तसे तिकडे तारे वाटतायत, आणि तुम्ही इथे गाणी म्हणताय!"

डाग देऊन सांधे जोडणारी बाई पुटपुटायची, "बदाम तरी खाता येतात."

मग माझ्यावर ठोका पडला. क्रूझाचा छाप: शंकरपाळीसारखी चौकट, तिच्यात त्याच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं, मध्ये इवलीशी घंटा. मग सरकारी कचेरीत दुसरा ठोका, रानडुकराचं मुंडकं. डुक्कर म्हणजे चांदी खरी. शंकरपाळी म्हणजे ही वस्तू कुणी बनवली त्याचं नाव. तिकडचा कायदाच तसा. आणि हे सगळं कडीवर का? तर ताऱ्याच्या अंगावर मिना असतो, भट्टीत भाजलेला काचेचा लेप, त्यावर हातोडी मारली की तो तडकतो. म्हणून ताऱ्याचं नाव कडीच्या अंगावर. नीट लक्षात ठेवा हे. तारा गप्प, आणि त्याच्या वतीनं बोलणार मी.

मला काय माज चढला होता सांगू!

माझा पहिला तारा एका कप्तानाला मिळाला. तो रोज लावायचा. कोटावर, घरातल्या जाकिटावर, एकदा तर न्हाव्याकडे दाढी करताना वरच्या कापडावर. त्या ताऱ्याला वर मला ओवायचा कान होता, पत्र्यासारखा पातळ. वर्षानुवर्षं तो माझ्या आतल्या बाजूला घासत राहिला आणि तिथे एक अरुंद, खोल खाच पडली. पुढे तारा फरशीवर पडला, मिना फुटला, कप्तान पण गेला. वारसांनी सगळं मोडीत दिलं. फिरत फिरत मी पोचले लांग्रला, डोंगरावरच्या त्या तटबंदीच्या गावात, पेरां नावाच्या सोनाराच्या पत्र्याच्या डबीत. डबीत माझ्यासारख्या बऱ्याच. बिनताऱ्याच्या कड्या. काय किंमत आमची? कुणी विचारत नव्हतं.

आता नीट ऐका. लाज इथून सुरू होते.

तेरा जुलैची दुपार. सिप्रियां नावाचा म्हातारा दुकानात आला, एका पायानं लंगडा. त्यानं हातरुमालातून तारा काढला. मित्रांनो, मी क्रूझाकडे शेकडो तारे पाहिले होते, पण असला नाही. पांढरा कसला, साय धरलेल्या दुधासारखा. कडांना कुठे ओघळ नाही, कुठे फुगा नाही. फक्त वरची कडी झिजून झिजून तुटली होती.

"उद्या राष्ट्रीय दिनाचं संचलन आहे," सिप्रियां म्हणाला. "उद्या सकाळी मला हा छातीवर हवा. नाहीतर आमच्या आळीतला तो लोहार त्याचा तारा लावून पुढच्या रांगेत मिरवणार आणि मी मागे, पेन्शनीतल्या गाढवासारखा."

पेरांनं तुटकी कडी चिमट्यात धरली, भिंग डोळ्याला लावलं. "हा छाप मी कधी पाहिला नाही. उ आणि ब्रे. मध्ये काय आहे हे? टोपी?"

"अंगुस्तान आहे, आंधळ्या. शिवणाऱ्या बायका बोटात घालतात ते. उर्सुल ब्रेशार. माझी मोठी बहीण. नवरा मेल्यावर तिनं स्वतःच्या नावाचा छाप काढला. तीन वर्षं चालवला, मग छातीच्या दुखण्यानं गेली. सरकारनं मला दिलेला तारा बघून म्हणाली, हा काय पत्रा दिलाय तुला, थांब मी करते. मिना सात वेळा भट्टीत घातला तिनं. सात!"

"दिसतंय," पेरां म्हणाला. आणि त्यानं ती तुटकी कडी मुशीत टाकली. वितळवायच्या चांदीत. टुक्‌ असा आवाज झाला.

सिप्रियांनं ती परत मागितली नाही. तो भिंतीवरचं घड्याळ बघत होता. त्याला उद्याची पडली होती. मला त्याचा अजून राग येतो. अरे, बहिणीचं नाव होतं ते! या जगात त्या ताऱ्यावर तिचं नाव फक्त तेवढ्याच जागी होतं! खिशात टाकली असती तर काय ओझं झालं असतं?

पण त्याला कुठल्या तोंडानं बोलू? पेरांनं डबीत बोट फिरवलं आणि मला उचललं. मला चिरलं, ताऱ्याच्या कानात ओवलं, डाग देऊन बंद केलं, पुसलं. आणि मी खूश झाले. खरंच सांगते. मुशीतून पांढरा धूर येत होता आणि मी मनात म्हणत होते, चला, सुटले डबीतून. दुसऱ्या दिवशी मी बँडमागे चालले, उन्हात चमकले. लोक म्हणाले, "वा सिप्रियां, तारा नवा दिसतोय!" मला वाटलं, माझ्यामुळेच.

त्यानंतर तो म्हातारा वर्षातून एकदाच तारा काढायचा. पुढे तो गेला आणि तारा त्याच्या नातीकडे आला. तिचं नाव ओदेत. आजोबांच्या मांडीवर बसून तिनं सात भट्ट्यांची गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की ती मोठी झाल्यावर तिच्या तोंडात दुसरी गोष्टच नव्हती. "आमच्या आजोबांच्या बहिणीनं केलाय हा. उर्सुल ब्रेशारनं. स्वतःच्या हातानं." पावाच्या दुकानात तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच. ओदेत लग्नाशिवाय राहिली, टपाल कचेरीत चाळीस वर्षं शिक्के मारले, म्हातारी झाली. गोष्ट तीच.

गावच्या बाजारात चीज विकणारी सुझान तिला चिडवायची, "काय गं ओदेत, आयफेल टॉवर पण तुमच्या उर्सुलनंच केला का?"

"नाही. तो पत्र्याचा आहे. ती असली कामं घेत नव्हती."

असं ठणकावून बोलायची. मला ऐकून मजा वाटायची, आणि त्या मजेखाली काहीतरी टोचायचं. टोचायचं ते मी दाबून टाकायचे.

मग गावानं ठरवलं की टाऊन हॉलमध्ये जुन्या वस्तूंची एक खोली करायची, कायमची. ओदेत एकोणऐंशी वर्षांची होती. ती म्हणाली, "माझा तारा देते. पण चिठ्ठीवर लिहायचं: बनवणारी, उर्सुल ब्रेशार. मला मूल नाही, बाळ नाही. मी गेल्यावर या गावात ते नाव घेणारं कुणी उरत नाही. चिठ्ठी बोलेल." बस, तेवढंच तिला हवं होतं. पैसा नको, हार नको. काचेच्या मागे एक नाव.

टाऊन हॉलवाले म्हणाले, तेव्हनो हो म्हणाले तर लिहू.

तेव्हनो म्हणजे जकात खात्यातून निवृत्त झालेला माणूस. पदकं कुणी बनवली हे ओळखण्यात त्या जिल्ह्यात त्याच्यापुढे कुणी नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका कॅफेच्या मागच्या खोलीत जुनी पदकं गोळा करणारी मंडळी जमायची, आणि तो मध्ये बसायचा, समोर एक जाड वही. तीनशे तारे त्यात नोंदलेले, प्रत्येकापुढे बनवणाऱ्याचं नाव. दुष्ट नव्हता हो. चोख होता. चोख माणसाची चूक फार महागात पडते, कारण तिच्यावर सगळे विश्वास ठेवतात.

ओदेत नवा स्कार्फ बांधून गेली. तारा टेबलावर ठेवला. तेव्हनोनं ताऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उलटा केला, मला दोन बोटांत धरलं आणि भिंग लावलं. त्याचा भला मोठा डोळा माझ्यासमोर आला. मी त्याला सांगायला हवं होतं. पण मी कडी. मला एकच गोष्ट बोलता येते, अंगावर ठोकलेली. तीच बोलले.

"शंकरपाळीत घंटा," तेव्हनो म्हणाला. "आंसेल्म क्रूझा, पॅरिस. मोठा कारखाना होता. असे हजारो केले त्यानं."

"नाही," ओदेत म्हणाली. "उर्सुल ब्रेशार."

"मादाम, इथे छाप आहे."

"माझ्या आजोबांनी सांगितलंय."

"सगळ्यांचे आजोबा सांगतात हो. परवा एक जण आला, म्हणे खुद्द सम्राटानं आमच्या आजोबांच्या गालाचा मुका घेतला. चांदी खोटं बोलत नाही, मादाम. आणि उर्सुल ब्रेशार हे नाव माझ्या वहीत नाही."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सात भट्ट्या!" आणि खसखस पिकली.

ओदेतच्या गालावर लाल डाग उमटले. तिनं तारा उचलला, रुमालात गुंडाळायला गेली, तर रुमाल दोनदा खाली पडला. कॉफी तशीच राहिली.

चांदी खोटं बोलत नाही म्हणे! मित्रांनो, मी चांदीच आहे. आणि मी बोलले खोटं.

त्या दिवसानंतर ओदेतनं गोष्ट सांगणं बंद केलं. तारा साखरेच्या डब्यात गेला आणि डबा कपाटात वर. अंधारात मी आणि तो. तो गप्प, नेहमीसारखा. मी त्याला चिकटलेली, पळून जाणार कुठे? एकदा बाहेर ओदेत कुणाला तरी म्हणाली, "आजोबा म्हातारे झाले होते. काहीतरी बोलत असतील." तेव्हा मला वाटलं, त्या मुशीत मीच गेले असते तर बरं झालं असतं. म्हातारीनं सत्तर वर्षं सांभाळलेला माणूस मी तिच्याकडून काढून घेतला.

असे आठ महिने गेले. ईस्टरला तिची भाची रेजीन जेवायला आली. रेजीन दिझाँला दातांच्या कवळ्या बनवते. धिप्पाड बाई, मोठ्यानं हसणारी, मोहरीच्या रश्श्यातला ससा तीनदा वाढून घेणारी. जेवण झालं, तिनं कॉफीला साखर म्हणून डबा काढला आणि आत आम्ही.

"मावशी! हा इथे काय करतोय?"

"असू दे. तो क्रूझाचा आहे. आपला नाही."

"कोण क्रूझा? उर्सुलचं काय झालं?"

"उर्सुल नव्हतीच." ओदेत ताटल्या उचलायला लागली. "म्हणजे बाई होती, पण हे तिनं केलेलं नाही. माझं हसं झालं तेवढं पुरे. साखर खालच्या फळीवर आहे."

रेजीननं साखर घेतलीच नाही. खिडकीशी गेली, मला नखानं इकडून तिकडे फिरवलं. परत फिरवलं. गळ्यात कामाचं भिंग असायचंच तिच्या, ते लावलं.

"मावशी, ताटल्या ठेव. इकडे ये. हे बघ, दात कसे झिजतात माहितीये? वरचा खालच्याला झिजवतो, खालचा वरच्याला. दोघांचा आकार जुळतो. कवळी कुणाची हे मी नुसती झीज बघून सांगते. आता हा ताऱ्याचा कान बघ. जाड आहे. त्यात खळगा पडलाय, रुंद, सपाट. कुठल्यातरी जाड, चौकोनी तारेच्या कडीनं पाडलेला. आणि ही कडी बघ. बारीक, गोल. हिच्या आत खाच आहे, पातळ, सुरीनं कापल्यासारखी. हा जाड कान त्या खाचेत बसेल तरी का?"

ओदेत वाकली. चष्मा वर-खाली केला. "मग?"

"मग हे दोघं एकमेकांचे नाहीत! ही दुसऱ्याच्या तोंडातला दात आहे. कुणीतरी नंतर बसवलाय. शंभर टक्के. हे मला कुणी शिकवायला नको."

ओदेत खुर्चीत बसली. मग तिनं ताटल्या तशाच ठेवल्या आणि कॅलेंडरवर पुढच्या महिन्याचा पहिला रविवार शोधला.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघी कॅफेत. मंडळी हजर. कुणीतरी म्हणालं, "आल्या, सात भट्ट्या." रेजीननं त्याच्याकडे असं पाहिलं की तो कपात तोंड घालून बसला.

तिनं तेव्हनोला सांगितलं, खिडकीत सांगितलं होतं तसंच. तेव्हनो हसला आधी. मग भिंग लावलं. मग हसायचा थांबला. परत तो मोठा डोळा माझ्यासमोर, पण या वेळी तो छाप वाचत नव्हता. माझ्या पोटातली खाच बघत होता. मला उघडं पडल्यासारखं झालं, आणि खरं सांगू, पहिल्यांदा थोडं बरं पण वाटलं.

त्यानं भिंग खाली ठेवलं. कान लाल झालेले.

"मादाम ओदेत, मी चुकलो. मी तारा पाहिलाच नाही. कडी वाचली." मग त्यानं ती जाड वही पुढे ओढली, उघडली, एक पान, दुसरं पान. "आणि हे तीनशे? यातही मी कड्याच वाचल्यात."

खोलीत कुणी हसलं नाही.

ओदेत म्हणाली, "मग आता लिहा उर्सुलचं नाव."

तेव्हनोनं पेन उघडलं आणि परत बंद केलं.

"लिहा ना."

"क्रूझा नाही एवढं आता कळलं. उर्सुल आहे हे कळलं नाही. तिचा छाप असलेली मूळ कडी असती तर..."

"ती कुठून आणू? ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी कुणी फेकली असेल ती!" ओदेत टेबलावर हात आपटून ओरडली. "आधी मी खोटारडी. आता काय, ‘माहीत नाही’ची मालकीण? तुम्ही चुकीचं नाव ठामपणे लिहिलंत, तेव्हा नाही तुम्हाला पुरावा लागला!"

तेव्हनोनं मान खाली घातली. "लागायला हवा होता. म्हणूनच आता लागतो."

मुशीतला तो टुक्‌ आवाज मला आठवत होता आणि मी काही करू शकत नव्हते. ऐकणारी मी होते. ते नाव मोठ्यानं घेतलं गेलं तेव्हा तिथे असलेली आता मी एकटीच होते.

रेजीन म्हणाली, "निदान ही कडी तरी कापून टाकू. माझ्याकडे पक्कड आहे. खोटारडी मेली."

मला वाटलं, हो, काप. कापच.

ओदेतनं तारा पटकन ओढून घेतला. "हात लावू नकोस. एक फेकली म्हणून तर हे झालं. ही पण कुणाच्या तरी हाताची आहेच ना? राहू दे. फक्त ही कोण आहे ते लिहा."

मित्रांनो, मला कुणी कधी शिक्षा केली असती तर मी सोसली असती. ही माया मात्र सोसवली नाही.

आता तारा टाऊन हॉलमध्ये काचेच्या मागे आहे. चिठ्ठी तेव्हनोनं स्वतःच्या हातानं लिहिली, चार वेळा फाडून पाचव्यांदा: "बनवणाऱ्याचं नाव सिद्ध झालेलं नाही. कडी नंतर बसवलेली, ती आंसेल्म क्रूझाच्या कारखान्यातली. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे हा तारा उर्सुल ब्रेशार हिनं केला." ओदेतला हवं होतं तसं ते नाही. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे, हे शब्द तिला टोचले. पण नाव आहे. ती काचेसमोर उभी राहिली, चिठ्ठी दोनदा वाचली, म्हणाली, "अक्षर तरी बरं काढलंय," आणि पावाच्या दुकानात गेली. तिथे रांगेतल्या एका अनोळखी बाईला तिनं सात भट्ट्या पहिल्यापासून सांगितल्या.

तेव्हनो अजून ती वही घेऊन बसतो. एकेक तारा परत मागवतो, कडी आणि कान जुळतात का बघतो, नाही जुळले की नाव खोडतो. बरीच खोडली. खोडताना त्याचे कान लाल होतात. माझं आणि त्याचं तेवढं एक नातं आहे.

माझी लाज गेली नाही. जाऊ पण नये. क्रूझाची घंटा अजून माझ्या अंगावर आहे, आणि भिंगवाले येतात ते आधी मलाच बघतात.

म्हणून मी तुमच्यापुढे हात जोडते. घरातली जुनी वस्तू दुरुस्तीला देताना घाईत असलात तरी दोन मिनिटं थांबा. तुटलेला तुकडा मागून घ्या. कडी असो, मूठ असो, घड्याळाचा काटा असो. काडेपेटीत घाला, आणि कागदावर लिहा काय बदललं, कधी, कुणी. वाईट अक्षरात लिहा, चुका करून लिहा, पण लिहा. बनवणारा माणूस कधी कधी सगळ्यात लहान तुकड्यावरच उरलेला असतो.

मी तर कागदावर लिहू शकत नाही. काचेमागे कुणी मला विचारत नाही. म्हणून तुम्हाला सांगते, आणि या वेळी खरं सांगते: तो तारा उर्सुल ब्रेशारनं केला. मी सोनाराच्या डबीत होते. मी माझ्या कानांनी ऐकलं.